व्हाइटनरखालचा मुद्दा नंबर चार

झोप गेली. म्हणजे येत होती, साडेदहाला डोळे मिटतच होते, पण मग मी ते करून बसले.

दीदीचा, म्हणजे आमच्या थोरलीचा, जाहीरनामा टेबलावर पडला होता. उद्या शाळेत मतदान. सूचनेत 'अभिरूप निवडणूक' असं भारदस्त लिहिलंय, पोरं मॉक इलेक्शन म्हणतात, आणि गेले आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही. मोबाईलवर मशीनचं अ‍ॅप टाकलंय, बटण दाबलं की खरंच पीं वाजतं, बोटाला शाई म्हणून मार्कर लावणार, 'नोटा'चं बटण पण आहे. दीदीचं चिन्ह पाण्याची बाटली. समोरच्या पोराचं फुटबॉल, आणि त्याचा एकच मुद्दा आहे, पीटीचा तास गणिताच्या सरांना देऊ देणार नाही. मी म्हटलं हा निवडून आला बघ. तर बाईसाहेबांना राग. "मम्मी, त्याने कसं करणार ते लिहिलंच नाहीये."

कारण बाईंनी नियम घातलाय की पाचच मुद्दे, आणि प्रत्येकापुढे 'कसं करणार' आणि 'पैसे कुठून' हे दोन रकाने भरायचेच. मला आधी वाटलं हे बाईंचंच डोकं, पण दीदीने सांगितलं की 2013 साली सुप्रीम कोर्टाने निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यासाठी नियम करायला सांगितले आणि मग ते आचारसंहितेत आले, की आश्वासन दिलं तर पैसा साधारण कुठून आणणार हेही सांगावं. आपल्या दारात येणाऱ्या कागदांवर असलं काही वाचल्याचं मला तरी आठवत नाही. खर्चाची पण मर्यादा आहे. आमदारकीला 40 लाख, हिला 50 रुपये. त्यात एक चार्ट पेपर आणि दोन स्केचपेन आले, बाकी सगळं घरातलं.

तर मी कागद उचलला तो फक्त शुद्धलेखन बघायला. खरंच. लायब्ररीचं पुस्तक आठवडाभर घरी न्यायला मिळावं. सायकल स्टँडवर पत्रा. मुलींच्या टॉयलेटला आतून कडी, आणि त्यापुढे 'पैसे कुठून' मध्ये 'कडी स्वस्त असते, मी दुकानात विचारून आले' असं लिहिलंय, हे वाचून मी एकटीच हसले. चौथा, पाण्याची घंटा, दिवसातून तीनदा, केरळातल्या शाळांत 2019 ला सुरू झाली. पाचवा दप्तराचा.

पण चौथ्या ओळीवर व्हाइटनर होता. जाड. वाळून त्याला भेगा पडलेल्या, आणि त्यावर 'पाण्याची घंटा' लिहिताना पेन अडकत अडकत गेलेलं, घंटेचा घ तर दोनदा गिरवलाय. बाकी अख्ख्या कागदावर एक खाडाखोड नाही.

आता गप कागद ठेवून झोपायचं ना. नाही. मी तो ट्यूबलाईटसमोर धरला, पाठीमागून अक्षरं दिसली पण उलटी, मग बाथरूममधल्या बेसिनच्या आरशासमोर जाऊन उभी राहिले, रात्री अकराला, आठवीतल्या पोरीचा कागद दोन्ही हातांनी आरशापुढे धरून, छोट्या उठला असता तर घाबरला असता.

'पालकसभा रविवारी किंवा संध्याकाळी 7 नंतर घ्यावी.'

बस. एवढंच. पुढे 'पैसे कुठून' मध्ये 'लागत नाहीत.'

तिथेच बेसिनला टेकून उभी राहिले मी. पालकसभा शनिवारी अकराला असते. अकराला मी कंपनीत लाईनवर असते. ज्यांच्या घरचं कुणी येत नाही त्यांचा निकाल सोमवारी मिळतो, तोवर सगळ्या वर्गाचे मार्क एकमेकांना कळून शिळे झालेले असतात. मागच्या वेळी माईंना पाठवलं तर त्या घरी येऊन एवढंच बोलल्या की चहा विचारला नाही कुणी. सुट्टी टाकायची तर महिन्यात एक खाडा पडला की अटेंडन्सचे पैसे गेले, आणि ते पैसे म्हणजे... जाऊ दे. दोनदा गेलेय मी. दोनदा की तीनदा? पाचवीत एकदा, सातवीत एकदा पळत पळत, अर्ध्या दिवसाची परवानगी काढून, त्यात पाथर्डी फाट्याला अडकले, पोचेपर्यंत बाई कपाटाला कुलूप लावत होत्या.

एक गोष्ट मला आत्ता कळतेय, इतकी वर्षं डोक्यात आली नाही. विधानसभेला, 2024 च्या नोव्हेंबरात, कंपनीच्या गेटवर नोटीस लागली होती, मतदानाची भरपगारी सुट्टी. कायदाच आहे तो, कुणाचे उपकार नाहीत. मत द्यायला पगारी सुट्टी, पोरीच्या बाई काय म्हणतात ऐकायला खाडा. बरं मत द्यायला लागतात किती, ती चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि झालं, बाकी दिवसभर मी घरी पापड तळत होते.

पण माझं सगळं अडलं ते लिहिण्यावर नाही, खोडण्यावर. लिहिलं ते ठीक आहे, चुकीचं काय लिहिलं तिने. खोडलं का? मी वाचेन म्हणून? तिला वाटलं असणार मम्मीला लागेल. आठवीतली पोर आपल्याला सांभाळून घेते म्हणजे काय ते मला... आणि कधी खोडलं असेल, मी समोर भाकऱ्या थापत असताना? ह्यांना फोन करावा वाटला, केला नाही, तिकडे आता काय वेळ असेल.

रडले थोडी. लिहायला लाज कशाला.

तेवढ्यात दीदीच उठली पाणी प्यायला. मी कागद पाठीमागे धरलेला. चोर पकडल्यासारखं.

"मम्मी, काय करतेस?"

"काही नाही. शुद्धलेखन."

"आरशात?"

मग काय, विचारलंच. का खोडलंस गं चौथं? मनातल्या मनात मी तयारी करून बसलेले, ती काही बोलली की जवळ घ्यायचं, म्हणायचं अगं मला नाही लागत वगैरे. ती ग्लास भरता भरता म्हणाली, "अगं त्याच्यावर मतं नाही मिळत. पूर्ण वर्गात चौघांचाच प्रॉब्लेम आहे तो. पाणी सगळे पितात."

म्हटलं, "एवढंच?"

"मग? बाटली चिन्ह आहे ना आपलं. मॅच पण होतं."

आणि ग्लास तिथेच ओट्यावर ठेवून गेली झोपायला. गेली म्हणजे पाच मिनिटांत घोरायला लागली.

खरं सांगू का, मला राग आला. माझ्यासाठी खोडलं असतं तर बरं वाटलं असतं! मी बेसिनला टेकून अर्धा तास जे काही केलं त्याचं काय आता? माझं दुःख चार मतांच्या हिशोबात उडालं, आणि उडवणारी कोण तर जिची वेणी मी अजून घालते. ते चौघं कोण असतील ते पण मी मनात मोजून बसले. एक आमची. एक त्या रिक्षावाल्यांची. तिसरी ती नेहमी उशिरा येणारी असेल, तिची आई बहुतेक सातपूरला कामाला जाते. चौथं कोण ते आठवेना. चौघांच्या आया एकमेकींना भेटायचा प्रश्नच नाही, भेटणार कुठे, पालकसभेत?

आणि तरी मघापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. पहिल्या झटक्यात लिहिताना तिला तो मुद्दा सुचला होता ना. पाणी नंतर आलं. कडीच्या खालोखाल, दप्तराच्या वर. 'लागत नाहीत' हे पण तिनेच शोधलेलं, पाचही मुद्द्यांत फुकटात होणारा तेवढाच होता, पाण्याच्या घंटेपुढे सुद्धा तिने 'शिपाई काकांना विचारावे लागेल' लिहिलंय. उमेदवार म्हणून कच्ची आहे अजून. फुकटातला मुद्दा कुणी खोडतं का.

मघाशी एकदा असंही मनात आलं की व्हाइटनर खरवडावा. नखाने थोडा उचलून पण बघितला, एका कोपऱ्याला, 'घ' च्या बाजूला. मग वाटलं उद्या बाईंनी विचारलं तर ही काय सांगणार, मम्मीने आचारसंहिता मोडली? आठ दिवस झाले पोर खपतेय. आणि हिशोब तिचा चुकलेला नाही ही दुसरी गोष्ट. पीटीवाल्याला हरवायचं तर पाणीच पाहिजे, मी असते तर मी पण पाणीच घेतलं असतं.

तर उचललेल्या त्या कोपऱ्यावर परत एक थेंब लावायला बाटली हलवली तर काही येईना. झाकण उघडं राहिलेलं, संध्याकाळपासून, सगळा सुकून गेलाय. आता सकाळी सहाला दुकान उघडं असेल तर नवी आणावी लागणार, पंचवीसेक रुपये. हा खर्च उमेदवाराच्या पन्नासात धरायचा की माझ्या नावावर, ते विचारते वेणी घालताना.