नाव घातलेली बंदूक

भाच्याने परवा बंदुकीवर नाव घातलं. खऱ्या नव्हे, काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेममधल्या. त्या खेळात नेम टॅग विकत मिळतो. तो लावला की एके-४७ च्या जागी आपण लिहू ते नाव दिसतं. पठ्ठ्याने रोमन अक्षरांत लिहिलं होतं, 'आजीकडून'. वाढदिवसाला आजीने दिलेल्या पैशांतून त्याने बंदुकीची स्किन, म्हणजे बंदुकीवर चढवायची रंग-नक्षी, घेतली होती, म्हणून. आजीला अजून पत्ता नव्हता.

मी त्याच्या वयाचा असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. बंदुका तेव्हाही रंगवायचे, पण फाइली बदलून. तो रंग त्या एका पीसीवरच दिसायचा. शेजारच्या खुर्चीवरच्याला तीच जुनी बंदूक. कपाटात घडी घालून ठेवलेल्या पैठणीसारखं. ऑगस्ट २०१३ मध्ये खेळाच्या नव्या आवृत्तीत 'आर्म्स डील' अपडेट आलं आणि कपाट उघडलं. आता रंग सगळ्यांना दिसतो. इतकंच काय, आपण मेलो आणि दुसऱ्याने आपली बंदूक उचलली, तर ती रंगासकट, नावासकट त्याच्या हातात जाते. तेवढ्यापुरतीच. मालकी आपलीच राहते.

आईच्या पातेल्यांचंही हेच. भांड्यांच्या दुकानात मशीन कर्रकर्र वाजायचं आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटायचं. घरात वापरायला नाव कशाला लागतंय? पातेलं शेजारी आमटी घेऊन जाणार, कुणाच्या बारशाला जाऊन चार दिवस राहणार, आणि परत येताना आत मूठभर साखर तरी असणार. नाव त्या प्रवासासाठी.

झिजेचं मात्र जमत नाही. पातेल्याला पोचे येतात ते पडल्यामुळे. कुठला कधी आला हे आई सांगू शकते. स्किनला जन्मतःच ० ते १ मधला एक आकडा मिळतो. त्याला 'फ्लोट' म्हणतात. ०.०७ च्या आत असेल तर 'फॅक्टरी न्यू', ०.४५ च्या पुढे 'बॅटल-स्कार्ड'. हा आकडा पुढे हलत नाही. लाख गोळ्या झाडा, नवी ती नवीच. आणि खरचटलेली असेल, तर ती एकही गोळी न झाडता खरचटलेली.

"मग हे ओरखडे पडले कधी?" मी विचारलं.

"पडले नाहीत मामा. आहेत."

या उत्तरावर मी दोन दिवस काढले.

'केस हार्डन्ड' नावाची एक स्किन आहे. खऱ्या लोखंडकामात लोखंडाचा भाग हाडांच्या कोळशात पुरून तापवतात आणि एकदम पाण्यात बुडवतात. वरचा थर कठीण होतो, आणि अंगावर निळे, जांभळे, पिवळे ढग उमटतात. कष्ट कठीणपणासाठी, ढग फुकटात. खेळात कठीण व्हायला लोखंडच नाही, उरले नुसते ढग, आणि मोल त्यांचंच. प्रत्येक नक्षीला क्रमांक असतो. निळा रंग जितका जास्त तितका भाव चढा. एके-४७ वरच्या ६६१ क्रमांकाचं नाव घेताना भाच्याचा आवाज देवघरात असल्यासारखा होतो. रंगामुळे गोळी जोरात लागते का, तेही मी विचारून घेतलं. नाही लागत.

काल शेवटी आई मागे येऊन उभी राहिली. भाच्याने सगळं कबूल केलं. त्याची स्किन 'फील्ड-टेस्टेड', म्हणजे मधल्या दर्जाची. आईने चष्मा लावून स्क्रीन न्याहाळला.

"ओरखडे आहेत की रे. बघून नाही का घेतलीस?"

"कोरी महाग असते, आजी."

"बरं. नाव घातलंस ते छान केलंस. कुणी नेली तर?"

"नेली तरी माझीच असते. परत मिळते."

"रिकामी?" आईने विचारलं.