राउटर माझ्या घरात, पासवर्ड त्यांच्या खिशात

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो माझ्या कामासाठी. टॉवेलच्या तीन कारखान्यांचे हिशोब आणि जीएसटीची बिलं मी जुळे सोलापुरातल्या घरी बसून टॅलीत करते. दुपारी चारपर्यंत कॉम्प्युटर माझा, चारनंतर पोरांचा. मोठी दहा वर्षांची, धाकटा सात.

दिवाळीच्या सुट्टीत धाकटा कार्टून लावून बसला होता आणि मी आत भाकरी करत होते. आवाज कार्टूनचाच येत होता, म्हणून निर्धास्त. पण एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो. तासाभरानं हात पुसत बाहेर आले तर त्याच कार्टूनमधलं मांजर दुसऱ्या मांजराची मान करवतीनं कापत होतं. पोरगं घाबरलं असतं तरी चाललं असतं. तो मला म्हणतो, "मम्मी, बघ की, ह्याचं रक्त हिरवं हाय."

त्याच रात्री ठरवलं. विंडोजमध्ये दोघांची वेगळी खाती काढली, पोरांवर लक्ष ठेवायची मायक्रोसॉफ्टची जी सोय आहे, फॅमिली सेफ्टी, तिच्यात जोडली, रोजचा एक तास बांधून दिला. ते सगळं एका संध्याकाळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच लक्षात ठेवा, की त्याची वेबसाइटची चाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते. ती सुरू केली की पोरांच्या खात्यात क्रोम उघडतच नाही. आमच्याकडे "क्रोम मेलं" म्हणून रडारड झाली.

पण पोरांना टीव्हीवरही नेट आहे आणि नवऱ्याचा जुना मोबाइलही आहे. म्हणून म्हटलं, चाळणी एकदाच राउटरला, म्हणजे घरभर नेट वाटणाऱ्या डब्याला, लावू, म्हणजे घरातलं सगळंच गाळून येईल. इथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

आधी चाळणी म्हणजे काय ते सांगते. आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा कॉम्प्युटर आधी कुणाला तरी तिचा पत्ता विचारतो. सात रस्ता चौकात उभं राहून पानवाल्याला विचारावं तसं. हा पानवाला म्हणजे डीएनएस. एरवी तो नेट देणाऱ्या कंपनीचा असतो आणि कुठलाही पत्ता सांगतो. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीनं २०२० साली घरगुती वापरासाठी वेगळे पानवाले बसवले. १.१.१.२ हा व्हायरसवाल्या साइटचा पत्ता सांगत नाही. १.१.१.३ हा तेही सांगत नाही आणि घाणेरड्या साइटचाही नाही. फुकट आहे. राउटरमध्ये शिरून एवढे चार आकडे टाकायचे, जोडीला दुसऱ्या रकान्यात १.०.०.३. पाच मिनिटांचं काम.

फक्त राउटरमध्ये शिरायला पासवर्ड लागतो.

नेटवाल्याच्या ऑफिसात पहिल्यांदा गेले डिसेंबरात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "राउटरच्या पाठीमागं स्टिकर असतंय की मॅडम, त्याच्यावरच लिहिलंय." मी म्हटलं, तो वाय-फायचा, मला आतला पाहिजे, अॅडमिनचा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या तिजोरीची किल्ली मागितली. "ते कस्टमरला नसतंय." का नसतंय? "नसतंय." मग कुणाकडे असतं? "पुण्याला मेल करा."

पुण्याला मेल केला. तिकीट नंबर आला. चौथ्या दिवशी मेसेज, की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली, कशी सोडवली, काही नाही.

दुसऱ्यांदा गेले तर एक ते चार बंद. उन्हाळ्यात समजू शकते, हा डिसेंबर होता. तिसऱ्यांदा गेले ते नेमकं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. सिद्धेश्वरांच्या सात काठ्यांची मिरवणूक, अर्धे रस्ते बंद, रिक्षा सोडून चालत गेले. शटर अर्धं वर होतं. आतला म्हातारा शिपाई म्हणाला, "अक्का, काठ्या निघाल्यात, आज कोण बसतंय?" त्याचंही खरंच होतं.

चौथ्या वेळेला एक लाइनमन घरी आला. आला तोही पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. मी एका हातानं पाइप धरलाय आणि तो हॉलमध्ये राउटरशी काहीतरी करायलाय. "झालं वहिनी," म्हणाला आणि गेला. काय झालं होतं? त्यानं वाय-फायचा पासवर्ड बदलून माझा मोबाइल नंबर टाकला होता. टीव्ही बंद, नवऱ्याचा मोबाइल बंद, माझा प्रिंटर बंद. आणि मेसेज, की तक्रार सोडवण्यात आली आहे.

पाचव्या खेपेला कोऱ्या कागदावर अर्ज लिहून नेला, आधारची झेरॉक्स लावली. काउंटरवरच्या मुलानं अर्ज वाचला आणि विचारलं, "पण मॅडम, तुम्हाला ब्लॉक काय करायचंय?" मागं चार पुरुष रांगेत उभे. मी मोठ्यानंच सांगितलं. रांग एकदम गप्प झाली, तो मुलगा कॉम्प्युटरकडं बघायला लागला. अर्ज घेतला, पोच दिली नाही. तुम्ही गेलात तर पोच घेतल्याशिवाय हलू नका, मी इथंच चुकले.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायला आईबापाची परवानगी लागते असं लिहिलंय. म्हणजे माझी सही सगळ्यांना पाहिजे. माझ्याच घरातल्या, माझ्या पैशाच्या डब्याचं कुलूप मात्र मला उघडायचं नाही. यांना कळत कसं नाही, याचा मला अजूनही राग येतो.

राउटरला मागं एक बारीक भोक असतं, टाचणीनं दाबलं की तो कोरा होतो. तेही करणार होते. तो लाइनमन रस्त्यात भेटला म्हणून वाचले. "दाबू नका वहिनी, आमची सेटिंग सगळी उडून जाईल आन् नेटच यायचं नाय. मग परत आमचीच वाट बघत बसाल." हा एक खरा सल्ला त्यांच्याकडून मिळाला.

आणि मग एका रात्री लक्षात आलं, की पानवाला बदलायला राउटर कशाला पाहिजे? कॉम्प्युटरलाच सांगता येतं कुणाला विचारायचं ते. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क कनेक्शन, त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. तिथं ते आकडे टाकले. दोन महिने मी ज्याच्यासाठी चपला झिजवल्या ते दहा मिनिटांत झालं. हसावं की रडावं कळेना.

खरं सांगायचं तर दहा मिनिटांत झालं नाही. आकडे टाकून तपासलं तर बंद व्हायला पाहिजे होती ती साइट खुशाल उघडली. तासभर डोकं खाजवलं. त्याच यादीत खाली व्हर्जन ६ असतं, आणि कॉम्प्युटर त्या वाटेनं जुन्याच पानवाल्याला विचारत होता. त्याची खूण काढली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि साइट उघडेना. मी एकटीच हॉलमध्ये टाळी वाजवली. नवरा ड्युटीवरून येऊन झोपला होता, त्याला उठवून दाखवलं, तो "बरं" म्हणून परत झोपला.

पोरांचं खातं साधं ठेवा, अॅडमिनिस्ट्रेटर नको. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. साध्या खात्यातून हे आकडे बदलता येत नाहीत, पासवर्ड मागतं. अॅडमिन खातं तुमचं एकटीचं.

मोबाइलचं त्याहून सोपं निघालं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथं आकडे चालत नाहीत, नाव टाकावं लागतं. क्लाउडफ्लेअरच्या साइटवर ते घरगुतीवालं नाव आहे, तेच टाकलं. टीव्ही राहिलाच. त्याचा रिमोट आता माझ्या कपाटात असतो.

ज्या मांजरापासून हे सुरू झालं, त्याला मात्र ही चाळणी काही करत नाही. यूट्यूबचा पत्ता एकच. पानवाला घर दाखवतो, आत कुठल्या खोलीत काय चाललंय ते त्याला काय माहीत? त्यासाठी यूट्यूब किड्स वेगळं लावलं, ते कॉम्प्युटरवरही चालतं. धाकट्याला पाच ते आठचा गट, मोठीला नऊ ते बाराचा. आपोआप पुढचं लागणं बंद केलं. आणि कॉम्प्युटरचं टेबल फिरवून स्क्रीन स्वयंपाकघराच्या दाराकडं केली. सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला असं माझं मत आहे, आणि याला कुणाचा पासवर्ड लागला नाही.

कॉम्प्युटरच्या अॅडमिन खात्याचा पासवर्ड कालनिर्णयवर लिहू नका. मी दुधाच्या हिशोबाखाली लिहिला होता, मोठीनं दोन दिवसांत शोधला. मग शेजारच्या काकूंना विचारून एक तेलुगू शब्द ठेवला, तोही गेला. वाड्यातली निम्मी पोरं तेलुगू बोलतात, हे मी विसरले होते. आता कानडी शब्द ठेवलाय. माझं माहेर कर्नाटकातल्या इंडीचं, पण पोरांना कानडी येत नाही.

गेल्या रविवारी धाकटा फोनवर आज्जीशी अर्धा तास बोलत होता. एरवी दोन मिनिटांत पळतो. जवळ गेले तर विचारायलाय, "आज्जी, मांजराला कानडीत काय म्हणतात?" पासवर्ड मांजर नाही. पण रात्री बदलला.