भुतानं भुतासारखं राहावं

हॉरर कॉमेडीकडून माझी एकच अपेक्षा असते. आपण विनोदी सिनेमात आहोत हे त्यातल्या माणसांना कळता कामा नये. त्यांची खरोखर तंतरलेली असली पाहिजे, हसायचं काम आपलं.

'स्त्री' (२०१८) मला त्यासाठीच आवडला होता. भुताला उद्या यायला सांगणारी पाटी भिंतीभिंतीवर लिहून अख्खं गाव निर्धास्त झोपतं, आणि यात काही विचित्र आहे असं तिथे कुणालाच वाटत नाही. २०२४ च्या 'स्त्री २'मध्ये मुंडकं धडावेगळं करून फिरणारा सरकटा आला, तेव्हाही मी सुरुवातीला सावरून बसले होते. पण मग पाहुणे कलाकार यायला लागले. अक्षयकुमार दिसला, शिट्ट्या वाजल्या, आणि सरकट्याचा दरारा गेला तो गेलाच. आता हे सिनेमे काढणाऱ्या मंडळींच्या प्रत्येक सिनेमात पुढच्या सिनेमाची जाहिरात बघावी लागते. तिकीट आपण काढायचं आणि ट्रेलरही आपणच बघायचा!

आदित्य सरपोतदारचा 'मुंज्या' त्याच वर्षीचा, आणि मला तो जास्त भावला. लग्नाचा हट्ट धरून बसलेलं पोर ही कल्पनाच भन्नाट. हट्टी मूल विनोदीही असतं आणि भीतिदायकही, हे ज्यांनी एखादं सांभाळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तक्रार एवढीच की तो कॉम्प्युटरवरचा मुंज्या फार वेळ दिसतो. तेवढ्या वेळात त्याची सवय होते, आणि सवय झाली की कसली भीती?

माझ्या भाच्याचं मत असं की मावशीला जुनं तेच सोनं वाटतं. तसं काही नाही. जुन्या विज्ञानपटांत रटाळ माल भरपूर आहे. पण 'डार्क स्टार' (१९७४) बघा. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी विद्यार्थी असताना सुरू केलेला हा सिनेमा. अंतराळयानात पाळलेला परग्रहवासी म्हणजे चक्क पाय लावलेला बीच बॉल, आणि फुटायला निघालेल्या बॉम्बशी एक माणूस तत्त्वज्ञानावर वाद घालतो. लोक हवे तितके हसले नाहीत, तेव्हा ओबॅननने ठरवलं की आता घाबरवूनच बघू. यानात शिरलेल्या प्राण्याची तीच गोष्ट त्याने गंभीरपणे लिहिली आणि १९७९ मध्ये 'एलियन' आला. त्यातला जेवणाच्या टेबलावरचा सीन आठवा. थट्टामस्करी चाललेली असते, सगळे हसत असतात, आणि मग जॉन हर्ट या नटाची छाती फोडून तो प्राणी बाहेर येतो. ते हसणं काढून टाकलं तर सीन निम्मा होईल.

कार्पेंटरने १९८२ मध्ये 'द थिंग' केला. अंटार्क्टिकावरचं केंद्र, त्यात अडकलेले पुरुष, आणि त्यांच्यातला कुणीतरी माणूस नाही, माणसाचं रूप घेतलेला परग्रहवासी आहे. संशयितांना सोफ्याला बांधून प्रत्येकाच्या रक्तात तापलेली तार बुडवायची, ज्याचं रक्त उसळेल तो माणूस नाही. नायक एकाला टोमणे मारत असताना भलत्याचंच रक्त बशीतून उसळतं, आणि तो बांधलेल्या जागीच फुटायला लागतो, शेजारच्यांना पळताही येत नाही! सगळं निस्तरल्यावर एक वयस्कर गृहस्थ, आता निर्दोष ठरलेले, अत्यंत सभ्यपणे बोलायला लागतात आणि शेवटी, मला या सोफ्यावरून सोडवा म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतात. भाचा आडवा पडून हसला. अलीकडच्या कुठल्या हॉरर कॉमेडीत त्याला इतकं हसू आलं होतं, विचारल्यावर गप्प.

तेव्हा हा सिनेमा पडला. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, गोड परग्रहवाल्याच्या प्रेमात पडलेल्या लोकांना हा लिबलिबीत प्रकार कुठून रुचणार? समीक्षकांनीही धुतला. विशीतल्या रॉब बॉटिनने रबर आणि चिकट द्रव वापरून उभे केलेले ते राक्षस मात्र आजही अंगावर येतात, कारण नटांच्या समोर तिथे काहीतरी खरोखर वळवळत होतं. २०११ मध्ये याचा पूर्वभाग काढला, त्यासाठीही असे पुतळे मेहनतीने बनवले होते. नंतर त्यांतल्या बहुतेकांवर कॉम्प्युटरचा मुलामा चढवला. तो सिनेमा मी अर्ध्यात बंद केला आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.