तिथीची पाऊणपट

स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला अडकवलेल्या कॅलेंडरवर काय काय लिहिलेलं असतं! दूध अर्धा लिटर जास्त, नवा सिलिंडर लावला त्या तारखेला गोल, कामवाल्या बाईंचे खाडे. इंदुरातल्या मराठी घरात या कागदाकडे बघून उपास ठरतात, मुंजी ठरतात. अलिबागला जायचं मात्र ठरतं ते शाळेची सुट्टी आणि अवंतिका एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन बघून. मग मंडळी कुलाबा किल्ल्यासमोर पोचतात आणि ओहोटीला चालत जाता येतो तो किल्ला नेमका भर समुद्रात.

वास्तविक भरतीची वेळ त्याच कागदावर असते. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला उत्तर येतं तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, पहाटेही जवळपास तेव्हाच. सहा तास मागे-पुढे केले की ओहोटी: सकाळी नऊ, रात्री नऊ. पौर्णिमा-अमावास्या झाली की पुन्हा एकपासून. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि समुद्रही तेवढाच रेंगाळतो, म्हणून ही पाऊणपट. तिथीचा क्षय-वृद्धी असेल तर तासाभराचाही फरक पडू शकतो. तेव्हा निघण्याआधी छापील वेळापत्रकाशी ताडून घ्यावं, किनाऱ्यावर टांगेवाल्याला विचारावं.

आपल्याकडे त्यात आणखी एक गंमत. शेजारच्यांच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. वद्य पक्षात समोरासमोरच्या दोन घरांत दोन वेगळे महिने चालू असतात. समुद्राला त्याचं सोयरसुतक नाही. तिथी दोन्ही घरांत एकच.

खरा घोळ अष्टमीचा. गणिताने भरती सहाला, ओहोटी बाराला. जेवणाआधी किल्ला उरकू असं वाटतं. पण ती भांगाची ओहोटी. चंद्र-सूर्याची ओढ काटकोनात पडते, पाणी धड चढत नाही की उतरत नाही, आणि वाट पूर्ण उघडी पडेल याचा भरवसा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत मागे हटतं. पण तेव्हाची ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, म्हणजे एक फार लवकर आणि दुसरी अंधाराच्या तोंडावर. द्वितीया ते चतुर्थी उत्तम. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी येते सकाळी साडेसात ते नऊ. संकष्टीला तर किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचं दर्शनही होतं. ओहोटीच्या तासभर आधी, पाणी उतरत असतानाच निघावं आणि पाणी फिरल्यावर रमू नये. भरती समोरून लाट होऊन येतेच असं नाही. मधले सखल भाग आधी भरतात आणि परतीची वाट पाठीमागून तुटते. पायात पट्ट्याच्या चपला हव्यात. खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि शेवाळावर रबरी स्लीपर हमखास घसरते. गुडघे धरणाऱ्यांनी सरळ घोडागाडी करावी.

किल्ल्यात शिरायच्या आधी तटापाशी थांबून दगड बघावेत. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही. लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चहूकडे खारं पाणी असताना! लोक मात्र फोटो काढतात ते चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफांशी. त्या 1849 च्या, इंग्लंडात ओतलेल्या. कान्होजींना जाऊन तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

पाण्यातले खेळ नागाव, वर्सोलीला. लाइफ जॅकेट चढवल्यावर कुणाला तरी ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगावं. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, बनाना बोट उलटली की डोक्यावरून निघून जाईल. बोट उलटतेच, मुद्दाम उलटवतात. पोहायचं तर पाणी चढत असताना. ओहोटीचं पाणी जाताना आपल्यालाही ओढतं. आणि इंदूरच्या बिलावली तळ्याकाठी वाढलेल्या माणसाने ‘मला पोहता येतं’ हे वाक्य तिथे जरा जपून वापरावं.

पावसाळ्यात हे सगळं सोडून द्यावं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचीही तेव्हा बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो 2020 पासून आहे खरी, पण खवळलेला समुद्र तिलाही थांबवतो.

राहता राहिली शेव. ती न नेण्याचा सल्ला इंदूरकराला देण्यात अर्थ नाही. निदान पाव-पाव किलोची पाकिटं करावीत. किलोचं एकदा फोडलं की त्या हवेत दुसऱ्या सकाळपर्यंत सादळतं, आणि सादळलेली शेव पोह्यांवर घालून खाण्यापेक्षा नुसते पोहे बरे.