मागच्या शॉकची कटकट

सीटला धरून सायकल अलगद वर उचलली की मागचं चाक जमीन सोडायच्या आधी एक बारीकसा 'टक्' यायचा. चालवताना तो कळतही नव्हता. पण एकदा कानात बसला आणि मग मला दुसरं काही ऐकूच येईना. दोन रविवार मी मागचे सगळे पिव्हट, म्हणजे फ्रेमचे हलते सांधे, उघडून, पुसून, ग्रीस लावून परत आवळले. टक् जागच्या जागी.

ही माउंटन बाईक मुळात माझ्या धाकट्या भावाची. त्याने नवी घेतली आणि ही माझ्याकडे आली, सोबत फुकटचे सल्लेही आले. फोनवर म्हणाला, "ताई, डोळे मीट आणि बोट लाव." म्हणजे शॉकच्या (मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या दट्ट्याच्या) टोकाला बोट असं टेकवायचं की अर्धं फ्रेमवर, अर्धं स्पेसरवर (टोकाच्या बाजूच्या कडीवर) राहील, आणि दुसऱ्या हाताने सीट जेमतेम उचलायची. वरच्या टोकाला काहीच नाही. खालच्या टोकाला मात्र नखाखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं, केसाएवढंच, पण अगदी स्पष्ट. "मग बोल्ट कितीही आवळ, काही होणार नाही. बुश गेलाय तुझा."

ज्यांनी हे उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: शॉकच्या टोकाला एक गोल डोळा असतो. त्यात दाबून बसवलेला पातळ बुश, बुशमध्ये पिन, पिनच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे स्पेसर आणि या सगळ्यातून आरपार जाणारा फ्रेमचा बोल्ट. (काही शॉकना वरच्या टोकाला डोळाच नसतो, दोन्ही बाजूंनी थेट बोल्ट येतात. तिथे ही भानगड फक्त खालीच.) बुश म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, आतून सच्छिद्र ब्राँझ आणि त्यावर टेफ्लॉनचा थर. ग्रीस लागत नाही, उलट ग्रीसला धूळ चिकटते. सस्पेन्शन दबताना इथे पूर्ण फेरा होत नाही, थोडेच अंश पुढे-मागे, त्यामुळे झीज त्याच त्याच जागी होते. माझ्या बुशमध्ये एका बाजूला करडा थर जाऊन पिवळं ब्राँझ उघडं पडलं होतं.

आधी मास्किंग टेपच्या तुकड्यावर शॉकमधल्या हवेचा दाब लिहिला, १७० psi, आणि तो तुकडा फ्रेमच्या वरच्या नळीला चिकटवला. मग हवा सोडली, हळूहळू, शॉक थोडा थोडा दाबत. एकदम फुस्कन सोडली तर आतल्या दुसऱ्या कप्प्यातली हवा शॉकला आत ओढून धरू शकते. स्प्रिंगवाला शॉक असेल तर आधी स्प्रिंगचा ताण पूर्ण सैल करा. बोल्ट काढण्यापूर्वी मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवला, नाहीतर शॉक सुटल्याबरोबर मागचा सांगाडा धपकन खाली येतो.

बोल्ट मुकाट्याने निघाले. एक स्पेसर बोटांनीच सुटला, त्यामागची धूळ अडवणारी ओ-रिंगही शाबूत होती. दुसरा मात्र पिनला पांढऱ्या भुकटीने चिकटलेला. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात शेजारी राहिले की असं होतं.

इथे मी माती खाल्ली. पिनवर एक जुना बोल्ट टेकवला आणि हातोडीने दोन ठोके दिले. पिन हलली नाही, बोल्ट मात्र घसरला आणि डोळ्याच्या कडेला चंद्रकोरीएवढा ओरखडा. फोन समोर उभा करून ठेवलेला, त्यातून आवाज आला, "अगं ताई, हातोडी ठेव खाली! तो डोळा गेला तर बुशचा खर्च नाही, शॉकचा खर्च!" खरंच होतं ते. डोळा मऊ ॲल्युमिनियमचा, शॉकच्या अंगाचाच भाग. वेडावाकडा ठोका बसून गोल जरा लंबगोल झाला की नवा बुशसुद्धा त्यात नीट धरत नाही. हॉट एअर गननं तापवायचा विचारही मनात येऊन गेला होता. तो मी त्याला सांगितला नाही. आत सील आहेत आणि बऱ्याच शॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो.

मग व्हाइस, म्हणजे दांडा फिरवून वस्तू जबड्यात आवळणारं साधन. जबड्यात जुन्या ट्यूबचे तुकडे, त्यात फक्त स्पेसर धरला आणि शॉकच डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत ओढला. सुटला! शॉकचं शरीर किंवा चकचकीत दांडा व्हाइसमध्ये कधीच धरायचा नाही. दांड्यावर एक चरा पडला की सीलमधून हवा जायला वाट मिळते.

पिन आणि बुश व्हाइसमध्येच दाबून काढायला दोन सॉकेट (नट फिरवायचे पोकळ पाने) लागले. बुशचं आतलं माप १२.७ मिमी म्हणजे अर्धा इंच, बाहेरचं जवळपास १५. तेव्हा ढकलणारा सॉकेट असा हवा की बुशच्या कडेवर टेकेल पण डोळ्यातून आरपार जाईल. व्हर्नियरने मोजत बसले तेव्हा बाहेरून १४ मिमीचा एक सापडला. समोरच्या बाजूला १७ चा सॉकेट, त्याच्या पोकळीत बुश येऊन पडेल असा. पिनला आधी त्याहून लहान सॉकेटने याच पद्धतीने बाहेर काढलं. या सगळ्यात दोन हात कमी पडतात. आईला बोलावलं, "हे नुसतं सरळ धरून ठेव." ती म्हणाली, "किती वेळ?" मी उत्तर दिलं नाही.

व्हाइसचा दांडा फिरवला, काही नाही. अजून पाव फेरा, काही नाही. सॉकेट तिरका झालाय का ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं, जरासा होता, सैल करून पुन्हा लावला. पुढच्या पाव फेऱ्याला 'तड्' झालं, आई दचकली, आणि बुश एक मिलिमीटर बाहेर. त्यानंतर लोण्यासारखा सरकत गेला. ओरखड्याचा काठ बारीक पॉलिश पेपरने फक्त बाहेरून घासला, आतून हात लावला नाही.

नवा बुश त्याच सॉकेटनी उलट बसवला. नवी पिन बोटांनी फिरत नाही इतकी घट्ट बसते, ते तसंच असायला हवं. बोल्टच्या आट्यांना निळं थ्रेडलॉक (बोल्ट आपोआप सैल होऊ न देणारं द्रव) लावून टॉर्क रेंचने आवळले, फ्रेमवर छापलेल्या आकड्याइतके.

हवा भरताना टेप पाहून १७० केले. खात्री करायला पंप काढून परत लावला, तर काटा १७० च्या खाली. भावाला फोन लावला, "अरे, गळतोय हा." तो हसायलाच लागला. "पंपाची नळी रिकामी असते ताई, ती शॉकमधलीच हवा घेते. पुन्हा १७० कर आणि काढ. आणि टक्?"

सीट उचलून पाहायचं मी विसरलेच होते. उचलली. आई म्हणाली, "आता काय ऐकतेयस?"