लांबलेल्या थंडीत लेकराचा बिनबाह्यांचा स्वेटर

महाशिवरात्र तोंडावर आली तरी थंडी हलत नाही, असं एखादं वर्ष विदर्भात येतंच. सकाळी हरभऱ्यावर दव, चुलीपुढून कोणी उठत नाही, अन् दुपारी अंगावर सदराही नकोसा होतो. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर विणायला घेऊच नये. तो संपेस्तोवर होळी येते. पुढून उघडा, बटणांचा, बिनबाह्यांचा विणावा. दुपारी डोक्यातून ओढावा लागत नाही.

खालचं माप ५८ सेंमी छातीच्या, म्हणजे साधारण ४-५ वर्षांच्या लेकराचं आहे. डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीची २०० ग्रॅम लोकर घ्या. लागते कमी, पण उरलेली चालते, कमी पडलेली नाही. सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठीवरचा रंगाचा लॉट नंबर एकच असावा. दुकानात सारखा वाटलेला रंग उन्हात वेगळा निघतो. सुया ८ आणि १० नंबरच्या. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आधी नमुना विणून पाहा: ८ नंबरवर १० सेंमीत २२ टाके आणि २८ ओळी यायला हव्यात. टाके जास्त भरले तर हात घट्ट आहे, सुई एक नंबर जाड घ्या. हा नमुना टाळणाऱ्यांचेच स्वेटर शेवटी धाकट्याला जातात.

गावात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक असते. धाग्याचं टोक जाळून पाहा. खऱ्या लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. ठिणगी पडली की ते असंच वितळून कातडीला चिकटतं, म्हणून असा स्वेटर घालून लेकराला शेकोटीजवळ बसवू नका.

पाठीसाठी ७२ टाके ८ नंबरवर घाला, म्हणजे काठ आवळत नाही. मग १० नंबरवर एक टाका सुलट एक टाका उलट अशा १६ ओळी. पुढे ८ नंबरवर साधी वीण (एक ओळ सुलट, एक ओळ उलट), एकूण २२ सेंमी होईपर्यंत. मुंढ्याला दोन्हीकडे ४-४ टाके बंद करा, नंतर एकाआड एक ओळीला दोन्हीकडे एकेक, असं ४ वेळा. ५६ उरतात. मुंढा १५ सेंमी झाला की खांद्याचे १५-१५ आणि मधले गळ्याचे २६ बंद करा.

पुढच्या प्रत्येक भागाला ३९ टाके, त्यातले काठाचे ६ बटणपट्टीचे, बाकीचे पाठीसारखेच विणायचे. पट्टी दोन्ही बाजूंनी सुलटच. इथेच बहुतेकांचं बिघडतं: सुलट-सुलट विणीच्या ओळी बुटक्या असतात, त्यामुळे पट्टी आखडते आणि स्वेटर पुढून वर उचलला जातो. उपाय सोपा आहे. दर ८ ओळींनी फक्त पट्टीचे ६ टाके विणून सुई उलटवा, तेच ६ परत विणा, मग नेहमीसारखं पुढे जा. काजं एकाच भागावर, ५, २३, ४१ आणि ५९ व्या ओळीत (या जादा ओळी मोजू नका): पट्टीच्या मध्ये धागा सुईवरून घ्यायचा आणि दोन टाके एकत्र विणायचे. मुलीला उजवीकडे, मुलाला डावीकडे अशी रीत आहे. स्वेटर पुढे कोणाला जाणार हे माहीत नसेल तर या रीतीचा फार विचार करू नये.

मुंढा पाठीसारखाच, फक्त बाहेरच्या बाजूने. गळाही तिथूनच सुरू: पट्टीच्या आतल्या अंगाला दर चौथ्या ओळीला एक टाका कमी, १० वेळा. खांद्याचे १५ आणि पट्टीचे ६ उरले की १५ बंद करा. पट्टी मात्र पाठीच्या गळ्याच्या मध्यापर्यंत, साधारण ६ सेंमी, विणत न्या. दोन्ही टोकं तिथे शिवून टाकायची.

साध्या ओळी भाकरी आणि वरणाच्या मध्येही होतात. मुंढ्या-गळ्याच्या ओळी मात्र घर शांत असतानाच घ्या. ओळ अर्धवट सोडू नये, टाके ताणतात. सोडावीच लागली तर परत उचलताना ज्या सुईवरून गोळ्याचा धागा निघतो ती उजव्या हातात धरा, नाहीतर उलटं विणलं जाऊन मध्ये भोक पडतं. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा ओढत वर आणता येतो, उसवायची गरज नसते.

घरात कापूस भरलेला असेल तर त्या खोलीत विणू नका, रुई गडद लोकरीत घुसली की निघत नाही. थंडीने फुटलेल्या बोटांत धागा अडकतो. तेल लावायचं तर बसण्याआधी बराच वेळ, नाहीतर डाग पडतात.

अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की वीण चपटी आणि लुळी होते, पुन्हा उठत नाही. शिवून झाल्यावर कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, चादरीवर आडवा पसरून वाळवा. बटणं वाळल्यावर लावा, काजांची खरी जागा तेव्हाच कळते.