कास्तकारानं हप्ता कुठून भरायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, आमाले का पयल्या तारखेले पगार येते? हप्ता भरू कुठून?"

आर्वी तालुक्यात मी पोस्टाच्या अल्पबचतीचं काम करते. म्हातारपणाच्या तजविजीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, अगदी तेरवीच्या पंगतीतही. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बचतीचे जे सल्ले आपल्या कानावर पडतात, ते पगारदारांसाठी असतात. आपल्याकडे जूनपासून पैसा नुसता जातो: बियाणं, खत, निंदण, फवारणी. सोयाबीन दिवाळीच्या आसपास जरा हात मोकळा करतं. कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, त्यानंतर, तुरीचा आणखी उशिरा. म्हणून माझं एकच म्हणणं आहे: कास्तकारानं महिन्याची तारीख धरून बचत करू नये, चुकारा धरून करावी. तीही पैसा खात्यात पडल्यापासून आठवडाभरात. पुढं कृषी केंद्राची उधारी, वेचणीची मजुरी आणि सोयरिकीतली लग्नं रांगेत उभीच असतात.

आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, विकणं हा माझा धंदा. तरी कोरडवाहू कास्तकाराला मी आरडी सुचवत नाही. ती दरमहा भरावी लागते, चार हप्ते थकले की खातं खंडित होतं. त्यापेक्षा पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं, काढा. वर्षात किमान 500 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, आणि केव्हा भरायचे ते तुम्ही ठरवायचं. बोंडअळीनं झोपवलेल्या वर्षी 500 टाका, पिकलं त्या वर्षी 40 हजार टाका. व्याज सध्या 7.1 टक्के, मुदत 15 वर्षं, सातव्या वर्षापासून अडीनडीला काही रक्कम काढता येते. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: कर्जाच्या वसुलीपोटी कोर्टाच्या हुकमानंही हे खातं जप्त होत नाही. ज्या घरांनी सावकार आणि बँक दोघांचीही माणसं दारात पाहिली आहेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

घरातल्या पोराचं वय विशीत असेल तर थांबू नका. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना 5,000 मिळावेत म्हणून अठराव्या वर्षी 210 रुपये महिना पडतो, तिसाव्या वर्षी 577 आणि चाळिसाव्या वर्षी 1,454. चाळिशीनंतर दार बंद. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही भरता येतो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठी पीएम किसान मानधन आहे: वयानुसार 55 ते 200 रुपये महिना, तेवढेच सरकार घालतं आणि साठीनंतर 3,000 मिळतात. हा हप्ता पीएम किसानच्या 2,000 रुपयांतून परस्पर वळता करून घेता येतो. वीस-पंचवीस वर्षांनी 3,000 ला आजची किंमत राहणार नाही, हे मी प्रत्येकाला बजावते. निव्वळ त्यावर विसंबू नका.

चाळिशी-पन्नाशीत पोरांचं शिक्षण, लग्न, बोअर. या काळात नवं काही जमलं नाही तरी पीककर्ज मुदतीत फेडा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडतं. थकलात की ही सवलत गेली.

पन्नाशीनंतर मात्र मला वेगळंच ऐकू येतं: "वावर आहे ना, तेच आपलं पेन्शन." मला याची काळजी वाटते. आमच्या गावातल्या एका काकांनी सहा एकर दोन पोरांच्या नावे करून दिलं. काका गेले. काकूंच्या नावावर आता विहिरीचं पाणीसुद्धा नाही. बीपीच्या गोळ्या संपल्या की त्या रिकामं पाकीट सुनेच्या ओट्यावर ठेवतात, तोंडानं मागत नाहीत. पोरं वाईट नाहीत. तीन-तीन एकरांत त्यांचंच भागत नाही.

तेव्हा वाटणी करा, पण दोघांच्या हयातीपर्यंत एखाद-दोन एकर आपल्या नावावर ठेवा. ते बटईनं दिलं तरी पीठमिठाचा खर्च निघतो. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्यानं अर्ज केला की तिचं नाव सहहिस्सेदार म्हणून विनाशुल्क लागतं. तलाठी कार्यालयात विचारा. हे काम मी कमिशनशिवाय, स्वतः सोबत येऊन करून देते.

आणि पीपीएफचं खातं आत्ताच उघडा, कापूस झाडावर असतानाच. आधार, पॅन, दोन फोटो आणि 500 रुपये एवढंच लागतं. चुकारा आल्यावर पॅन काढायला निघालात, तर तो हातात पडेपर्यंत चुकारा संपलेला असतो.